उरलेल्या पट्ट्या म्हणे!

जहाजाच्या लाकडी मॉडेलचं किट विकणाऱ्यांनो, चार लाकडी पट्ट्या जास्तीच्या टाकल्या तर तुमचं काय जातं हो? 'कटी सार्क'चं मॉडेल बांधतोय, १८६९ सालचं चहा वाहणारं शिडाचं जहाज. नाळेकडची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाची पट्टी भिजवायची, गरम करून वाकवायची, आणि नेमकी शेवटचीच कडकन मोडते. दर वेळी! शिवाय आमचं लातूर. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं गाव, इथं लाकूड भिजवत बसलो की घरचे बघतात कसे ते विचारू नका. त्यात मे महिन्याची कोरडी हवा. लाकूड आक्रसतं, सांध्यात फट. माहितीपत्रक म्हणतं, 'फटीत उरलेल्या पट्ट्या भरा.' उरलेल्या? कुठल्या उरलेल्या? वर शेजारचे काका दर रविवारी हजर, "काय हो, तरंगतं का हे?" नाही काका, तरंगत नाही. आणि शिडाच्या दोऱ्यांना हात लावू नका!