चावलं? आधी जात विचारा!

कुत्रं चावलं की लोक नळाकडे धावतात. साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली जखम धुवा, रेबीजची लस लगेच घ्या, असं डॉक्टरही सांगतात. तेवढं उरकून घ्या आणि मग मुद्द्यावर या : जात कुठली?

जात कळली की पुढची चौकशी वाचते. कुत्रं दिवसभर हातभर साखळीला होतं का, कान ठणकत होता का, पिल्लं जवळ होती का, असले प्रश्न विचारू नयेत. ते थेट मालकाच्या दारात जाऊन उभे राहतात, आणि मालक बहुधा ओळखीतलाच असतो.

जात ओळखता येत नसेल तर रुंद डोकं, आखूड केस, भरदार छाती एवढं बघा आणि ‘पिटबुल’ म्हणून मोकळे व्हा. पिटबुल ही एक जात नसून दोन-चार जाती आणि त्यांच्या मिश्रणांना सरसकट पडलेलं नाव आहे, असं कोणी सांगू लागला तर त्याच्या घरीही एक असणार, हे ओळखून चार पावलं लांब उभे राहा.

पोमेरेनियननं पिंढरी धरली तर मात्र ‘चावलं’ म्हणू नका. लाडात आलंय. 2008 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मालकांनाच विचारून पाहणी केली, तेव्हा माणसांच्या अंगावर जाण्यात डॅशहुंड आणि चिवावा ही चिमुकली कुत्री वरच्या रांगेत निघाली. अशी माहिती चारचौघांत काढू नये. (मोठ्या जबड्याची जखम मोठी होते, हे खरंच आहे. पण जबडा मोठा म्हणजे राग मोठा, हा शोध आपला.)

बदनाम जात वेळोवेळी बदलत राहा. एकेकाळी ब्लडहाउंड होतं, मग जर्मन शेफर्ड, मग डॉबरमन, मग रॉटवायलर. अजून डॉबरमनलाच घाबरत असाल तर तुम्ही फार मागे राहिलात.

बंदीची मागणीही हवीच. ब्रिटननं 1991 च्या कायद्यात चार प्रकारची कुत्री बसवली, चावे काही थांबले नाहीत, म्हणून 2023 मध्ये पाचवा प्रकार घातला. याला म्हणतात चिकाटी. नेदरलँड्सनं 1993 मध्ये पिटबुलवर बंदी आणली आणि चावे घटेनात म्हणून 2008 मध्ये उठवली. इतक्यात धीर सोडायचा? 2022 साली अठरा हजारांवर कुत्र्यांच्या अभ्यासातून निघालं की कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम नऊ टक्के जातीवरून सांगता येतो. आपल्याला नऊ पुरेत. उरलेल्या एक्क्याण्णवात साखळी, मार, आजारपण, भीती आणि आपण स्वतः असलं काय काय सापडेल, सांगवत नाही.

आता घरचं. मूल लहान असेल तर त्याला कुत्र्याशी बिनधास्त खेळू द्या. कुत्रं जेवत असताना मागून गळ्यात पडायला शिकवा, पाठीवर बसवा, मोबाइल बाहेर काढा. कुत्रं जेवता जेवता थांबेल, ताठ होईल, ओठ चाटेल, मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघेल. ‘बघा, किती गरीब आहे!’ म्हणा. मग ते गुरगुरेल. लगेच एक सणसणीत ठेवून द्या. दोन-चारदा असं केलंत की गुरगुरणं बंद होतं आणि घरात छान शांतता नांदते.

त्यानंतर एखाद्या दिवशी ते थेट गालाचा लचका तोडेल. तेव्हा खुशाल सांगा, ‘काही कारण नसताना अचानक चावलं हो, शेवटी जातच तसली.’ फक्त तो व्हिडिओ आठवणीनं पुसून टाका. शेवटच्या दोन सेकंदांत डोळ्यातलं पांढरं फार स्पष्ट दिसतं.