‘जोव्हिअल’ संस्कृतातून आलेला नाही

एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो: इंग्रजीतला ‘जोव्हिअल’, म्हणजे हसतमुख, दिलखुलास, हा शब्द ज्युपिटर ऊर्फ जोव्ह या रोमन देवावरून आला, हा देव आनंदी होता, तोच आपला बृहस्पती, आणि त्याचं नाव लॅटिनने संस्कृत ‘द्यौष्पितृ’वरून, म्हणजे ‘आकाशपिता’वरून, उचललं. यातलं पहिलं विधान बरोबर. उरलेली तिन्ही चूक.

आधी शेवटचं घेतो, कारण अभिमान तिथे गुंतलेला असतो. ऋग्वेदातली ‘द्यौष्पितः’ ही हाक, ग्रीक ‘झेउ पातेर’ आणि लॅटिन ‘युप्पितेर’ ही भावंडं आहेत, मायलेकरं नव्हेत. पुरावा संस्कृतच्याच पोटात आहे. ‘काय’ या अर्थी वैदिक ‘कद्’, लॅटिन ‘क्वोद्’. इथे क टिकला. मग ‘आणि’साठी लॅटिनमध्ये ‘क्वे’ असताना संस्कृतात ‘च’ कसा? कारण त्या क-पुढे पूर्वी ए होता, आणि त्याने क-चा च केला. पुढे ए-चा अ झाला, च मात्र राहिला. म्हणजे जो ए संस्कृतात पुसला गेला तो लॅटिनने जपला आहे. लॅटिन संस्कृतातून निघाली असती, तर हा ए नेमका त्याच जागी तिला कुठून मिळाला असता? भाषाशास्त्रात ही उकल १८७०च्या दशकातच झाली. संस्कृतवर माझं मनापासून प्रेम आहे, म्हणूनच तिच्या नावावर खोटं खपवलेलं मला सहन होत नाही.

बृहस्पती आणि ज्युपिटर हा ग्रह एक, देव वेगळे. एकात ‘पति’ म्हणजे स्वामी, दुसऱ्यात ‘पितेर’ म्हणजे बाप. ज्युपिटरचं नातं द्यौस्शी, आकाशाशी. ‘देव’ आणि ‘दिवस’ त्याच घरातले. ‘देव’ याच अर्थाचा ग्रीक ‘थिऑस’ मात्र नाही, कानाला कितीही जवळचा वाटला तरी.

आणि आनंदी देव? रोमनांचा ज्युपिटर विजेचा, वादळाचा, शपथ मोडणाऱ्याला शासन करणारा. हसरेपणा आला ज्योतिषातून. युरोपातले ज्योतिषी गुरूला शुभ ग्रह मानत. त्याच्या प्रभावाखाली जन्मलेला माणूस प्रसन्न वृत्तीचा. शनीवरून ‘सॅटर्नाइन’ म्हणजे उदास, बुधावरून ‘मर्क्युरिअल’ म्हणजे चंचल, हे शब्द त्याच पठडीतले. १६व्या शतकाच्या अखेरीस ‘जोव्हिअल’ फ्रेंचमधून इंग्रजीत आला. लग्न ठरवताना गुरुबळ पाहणाऱ्या घरांना हा शुभपणा वेगळा समजवायला नको. इटालियन लोक गुरुवारला आजही ‘जोवेदी’ म्हणतात, जोव्हचा वार.