आर्क्टिक टर्न नांदूरमध्यमेश्वरला? अहो कुठून येणार!

नाशिकच्या ग्रुपांवर फिरणारा तो मेसेज तुम्हालाही आला असेलच, की आर्क्टिक टर्न हा पक्षी उत्तर ध्रुवावरून दक्षिण ध्रुवावर सरळ रेषेत, न थांबता, न खाता-पिता जातो आणि वाटेत थंडीत आपल्या नाशिकजवळच्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात उतरतो. न थांबता जातो आणि आपल्याकडे थांबतो पण, वा!

आधी त्या मेसेजमधला फोटो बघा. जाड पिवळी चोच म्हणजे तो नदी सुरय, आपल्या नद्या-धरणांवरचा इथलाच पक्षी. आर्क्टिक टर्नची चोच बारीक, विणीच्या काळात लालभडक नि एरवी काळी. आणि आपण स्वेटर घालून अभयारण्यातल्या चापडगावला पक्षी बघायला जातो ना, तेव्हा हे महाशय अंटार्क्टिकाजवळ वेडेल समुद्राच्या बाजूला असतात, तिकडे तेव्हा उन्हाळा.

आता ते न खाता-पिता. साधारण शंभर ग्रॅमचा जीव, अंगात साठा असून असून किती असणार? 2010 साली छापून आलेल्या अभ्यासात ग्रीनलंडच्या टर्नच्या पायाला ठिकाण नोंदवणारी 1.4 ग्रॅमची यंत्रं लावली होती, त्यात दिसलं की हे पक्षी दक्षिणेकडे जाताना उत्तर अटलांटिकच्या मधोमध जवळपास 25 दिवस मुक्काम करतात, कारण तिथे खायला भरपूर. पाण्यात सूर मारून छोटे मासे, कोळंबीसारखे जीव पकडायचे आणि पाणी समुद्राचंच प्यायचं, जास्तीचं मीठ डोळ्यांवरच्या ग्रंथींतून नाकावाटे बाहेर. उपाशीपोटी इच्छाशक्तीवर वगैरे काही नाही हो, ते मोटिव्हेशनवाल्यांनी घुसवलंय.

सरळ रेषा पण नाही. काही आफ्रिकेच्या किनाऱ्याने जातात, काही ब्राझीलच्या बाजूने, आणि परत येताना वाऱ्याचा फायदा घेत अटलांटिकवर मोठा एस काढत येतात, म्हणून जायला तीन महिने लागले तरी यायला चाळीसेक दिवस पुरतात. या वळणांमुळेच वर्षाचं अंतर सरासरी 71 हजार किलोमीटरच्या आसपास जातं, सरळ गेले असते तर एवढं झालंच नसतं!

ध्रुवाचं म्हणाल तर अंडी ग्रीनलंड, आइसलंड, अगदी ब्रिटनमध्येही घालतात. दक्षिण ध्रुवावर नुसता बर्फ, मासा कुठून मिळणार.

मेसेजच्या शेवटी लिहिलंय की आयुष्यभरात चंद्रावर तीनदा जाऊन येण्याएवढं उडतो. हे मात्र बरोबर, तीसेक वर्षं जगला तर हिशोब जुळतो. तेवढी ओळ ठेवा, बाकी डिलीट मारा.