बाभळीपर्यंत किती मीटर?

पहाटे साडेचारला आमच्या आर्वी रोडवर पोरं धावतात. मागून ट्रॅक्टर आला की एका रांगेत येतात, गेला की पुन्हा रस्ताभर पसरतात. सगळ्यांच्या डोक्यात फौजेची भरती, म्हणजे एकच, सोळाशे मीटर किती मिनिटांत. माझ्या पुतण्यानं तालुक्यातल्या एका अकॅडमीत पैसे भरले. वर्षभर त्याला पळवलं, नकाशा एक दिवस दाखवला नाही.

मी तोफखान्यातून हवालदार म्हणून घरी आलो. परवा शेजारचं पोरगं विचारते, "काकाजी, अफसर होयाले इंग्रजी फाडफाड लागते ना?" म्हटलं, अबे, आधी गणित लागते.

उगाच नाही म्हणत. इंग्लंडात १८७१ पर्यंत पायदळात आणि घोडदळात अफसराचा हुद्दा पैसे मोजून मिळायचा. सरदाराचं पोरगं, घोड्यावर बसलं की झाला कॅप्टन. तोफखान्यात आणि इंजिनिअरांत मात्र हा सौदा चालत नव्हता, कारण गोळा कुठं पडणार हे बापाच्या जमिनीवर ठरत नाही. म्हणून १७४१ मध्ये खास त्यांच्यासाठी वूलिचला शाळा निघाली. नेपोलियनही तोफखान्याचाच, ओसोनच्या तोफखाना शाळेत घासून निघालेला. पुढे फ्रान्सनं रीतच पाडली: आधी पॅरिसच्या पॉलिटेक्निक शाळेत गणित, मग मेत्झच्या शाळेत तेच गणित मातीत उतरवायचं. अमेरिकेनं १८८१ मध्ये लेव्हनवर्थला पायदळ-घोडदळाच्या अफसरांसाठी अशीच शाळा काढली.

आपल्याकडेही तेच. अफसर घडवणारी डेहराडूनची आयएमए (इंडियन मिलिटरी अकॅडमी) १९३२ ला सुरू झाली, पहिल्या तुकडीत ४० जण, त्यात पुढचे फील्ड मार्शल माणेकशॉ. पण तिथून खांद्यावर तारे लावून निघालं म्हणजे शिकणं संपलं नाही. पायदळवाला महूला जातो, रणगाडेवाला नगरला आणि तोफखान्याचा देवळालीला.

देवळालीला मी उस्ताद होतो. कोवळा लेफ्टनंट, मी त्याला सलाम ठोकायचा आणि मग त्यालाच शिकवायचं! साहेब टेकडीवर दुर्बीण लावून बसतो, तोफा मागं आडोशाला, त्याला दिसतही नाहीत. गोळा कुठं पडला ते बघून तोफांना अंतराचा आकडा त्यानं सांगायचा. एक गोळा लक्ष्याच्या पलीकडे, दुसरा अलीकडे. मधलं अंतर अर्धं कर, मग त्याचंही अर्धं. एक साहेब नुसता धुराकडे बघत राहिला, आकडा सांगेचना. म्हटलं, "साहब, धुआँ उड़ जाएगा, फिर क्या देखोगे?" त्या दिवशी त्याच्या कानशिलावरून घाम गळत होता. कोर्स संपताना तोच सगळ्यांत झटपट आकडे सांगायचा.

आणि आपण विदर्भवाले? साताऱ्याला सैनिक शाळा १९६१ ची, विदर्भात चंद्रपूरला आली २०१९ ला. नागपूरच्या डॉ. मुंजेंनी १९३७ मध्ये लष्करी शाळा काढली तीही नाशकात. (त्याची मला अजून चुटपुट लागते.) पुलगावचा दारूगोळा डेपो आपल्या शेजारी, त्याच्या गाड्या बघत आपली पोरं मोठी होतात, पण अफसर व्हायच्या एनडीएच्या (नॅशनल डिफेन्स अकॅडमीच्या) लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० मार्क गणिताचे असतात हे गावात कोणाला सांगितलंय कोणी? शाळेत गणिताचा मास्तर दोन वर्षं नाही, त्यावर कोणी मोर्चा काढत नाही.

शेजारच्या त्या पोराला शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर नेलं. विचारलं, समोरच्या बाभळीपर्यंत किती मीटर? म्हणे दोनशे. दोरीनं मोजलं, दोनशे साठ. काल पुन्हा आला, सोबत धाकटी बहीण. तिनं आधी बाभळीकडे पाहिलं, मग पऱ्हाटीची तासं, म्हणजे कपाशीच्या ओळी मोजल्या आणि म्हणाली, "दोनशे पंचावन."

भावाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.