ऑनलाईन दिसताय म्हणजे मोकळेच असणार

घरात बसून पुण्याच्या कंपनीचं काम करायचं, आणि तेही चित्त एकाग्र करून, असा कुणाचा हट्ट असेल तर आमच्या बेळगावातल्या अनगोळात या. शिकवणी फुकट.

पहिलं म्हणजे कामाची वेळ घरच्यांना आणि शेजाऱ्यांना नीट सांगून ठेवा. पाहुणे, दळण आणि गॅसवाला नेमके कधी पाठवायचे हे त्यांना कळायला हवं ना.

नोटिफिकेशन चालूच ठेवा. माणुसकी आहे की नाही?

फ्रान्सेस्को सिरिल्लो नावाच्या इटालियन गृहस्थाने 1980च्या दशकात टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून 25 मिनिटं काम, 5 मिनिटं विश्रांती अशी युक्ती काढली. जरूर करा. ग्लोरिया मार्क या संशोधिका सांगतात की, एकदा तुटलेल्या कामाकडे परत यायला सरासरी 23 मिनिटं लागतात. म्हणजे पंचविसातली दोन हातात राहिली. त्या दोनात वीज जाते.

रील बघाच. न संपणाऱ्या स्क्रोलची ही सोय 2006 मध्ये आझा रास्किन नावाच्या डिझायनरने शोधली. त्याला पुढे पस्तावा झाला, पण तो त्याचा प्रश्न.

आणि गल्लीचा ग्रुप? तो म्यूट करण्याचं पाप करू नका. परवा महिनाअखेरीचा हिशेब जुळवत होतो. अठरा रुपयांचा फरक काही केल्या सापडेना. तेवढ्यात ग्रुपवर पडलं, ‘उद्या सर्वोच्च न्यायालयात सुनावणी! बेळगावकरांनो जागे व्हा!! सर्व ग्रुपवर पाठवा.’ कसली सुनावणी, हे आपल्यात विचारावं लागत नाही. लगेच भगवे झेंडे, जोडलेले हात, जय महाराष्ट्र. एकाने बिचाऱ्याने विचारलं, हे जुनंच नव्हे काय? झालं! त्याची पोरं कुठल्या माध्यमात जातात इथून सुरुवात, ती बायकोच्या माहेरापर्यंत. मी गप्प, तर फोन आला. “ऑनलाईन दिसालास की रे, मग बोलेनास का?” काम चाललंय म्हटलं. “घरातच हाईस नव्हं?”

अहो, बेळगाव महाराष्ट्रात की कर्नाटकात, हा सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून कोर्टात आहे! 1956 पासून ज्या प्रश्नाने आजोबांच्या, बापाच्या पिढीला थांबवून ठेवलं, त्याला संध्याकाळी सहापर्यंत दम निघत नाही? बरं, दुसऱ्या दिवशी सुनावणी नव्हतीच. चुकलं, असं एकाने तरी लिहिलं? त्याच गृहस्थाने सकाळी गुलाबाचं फूल टाकलं, शुभ सकाळ म्हणून.

आता उपहास पुरे. तुमच्या दुकानात गिऱ्हाईक उभं असताना मी येऊन गल्ल्यासमोर ठाण मांडतो काय? इथे नोकऱ्या नाहीत, पोरं पुण्या-बंगळूरला निघून जातात, म्हणून रोज तुम्हीच हळहळता. एखादा आईबापाजवळ राहून इथूनच चार पैसे मिळवू बघतो, तर त्याला तासभर धड बसू देत नाही. सीमाप्रश्नाची एवढी कळकळ आहे तर पुढे ढकलण्याआधी तारीख बघा, दोन बातम्या वाचा. ज्याने शंका काढली त्याच्या घरादारावर जाऊ नका. त्याने तुमच्यापेक्षा जास्त वाचलेलं असतं. आणि दुपारी मला फोन करून ‘घरातच हाईस नव्हं’ विचारू नका. घरातच आहे. कामावर आहे.