शिसवी नुसती वर्षभर वाळवून भागत नाही

गिटार बनवण्यावरच्या एका लेखात, पाठीसाठी शिसवी लाकडाची फळी ‘वर्षभर वाळवली की झालं’ असं म्हटलंय, ते अपुरं आहे. कोकणातल्या पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. तेव्हा कितीही जुनी फळी पुन्हा ओल धरते. त्या दिवसांत आतल्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या, की कोरड्या हवेत पाठ आक्रसू पाहते, पट्ट्या तिला अडवतात आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने तडा जातो. म्हणून चिरलेल्या फळ्यांच्या टोकांना मेण लावून त्या हवेशीर रचा, दर पंधरवड्याला वजन करा. वजन स्थिरावलं, की ४५ टक्के आर्द्रता राखलेल्या बंद खोलीतच जोडकाम करा. जाडी: पाठ २.५ मिमी, बाजू २ मिमी. शिसवी तेलकट असते, चिकटवण्याच्या अगदी आधी ॲसिटोनने पुसा, नाहीतर सांधा सुटतो. बाजूंसाठी मात्र सरळ रेषांचीच फळी घ्या. नागमोडी रेषांची देखणी फळी वाकवताना फुटते.