टब उघडतो का, एवढंच विचारलं होतं

मागच्या आठवड्यात आमचं वॉशिंग मशीन गेलं. सात वर्षांचं होतं. कपडे पिळताना आधी घरघर, मग अख्खं मशीन जागचं सरकायला लागलं. मेकॅनिकने ड्रम हाताने हलवून पाहिला आणि म्हणाला, "ताई, बेअरिंग गेलंय." मला हायसं वाटलं. बेअरिंग म्हणजे ड्रम ज्यावर फिरतो ती, मुठीत मावणारी वस्तू! पण ती टबमध्ये बसवलेली. त्याने टब बाहेर काढला, आडवा ठेवला आणि कडेवरून मला बोट फिरवायला सांगितलं. प्लास्टिकचे दोन भाग वितळवून कायमचे जोडलेले. एकही स्क्रू नाही. "इथे स्क्रू असते तर आजच चालू करून दिलं असतं. आता अख्खा टब बदलायचा, त्यापेक्षा नवीन घ्या."

ती जोडाची रेघ काही डोक्यातून जात नाहीये.

पर्यावरणासाठी पिशवी घरून न्या, नळ गळू देऊ नका, दिवे मालवा. हे मी मनापासून करते, यापुढेही करेन. पण बेअरिंगसाठी मशीन भंगारात जावं, हे मी ठरवलं नव्हतं. ते सात वर्षांपूर्वीच, मशीन कागदावर असताना कुणीतरी ठरवून टाकलं होतं. आणि दोष मात्र 'वापरा आणि फेका' वृत्तीच्या ग्राहकाला! प्रत्येकाने आपापला कार्बन फूटप्रिंट, म्हणजे आपल्यामुळे हवेत किती कार्बन जातो ते, मोजावा, ही कल्पना जाहिरातींतून लोकांच्या गळी उतरवण्यात बीपी या तेल कंपनीचा मोठा वाटा होता, हेही विसरू नये.

हे आजचं नाही. १९२४ साली दिव्यांच्या बड्या कंपन्यांनी फीबस नावाची युती केली आणि बल्बचं आयुष्य १००० तासांवर आणायचं ठरवलं. त्याआधी १५०० ते २००० तास चालणारे बल्ब मिळत होते. ज्याचे दिवे जास्त टिकतील, त्या कंपनीला दंड होता. चांगली वस्तू बनवल्याचा दंड!

नवीन मशीनला वीज कमी लागते, असं कुणी म्हणेल. फार जुन्या फ्रिजच्या बाबतीत ते पटण्यासारखं आहे. पण मोबाइलसारख्या वस्तूचं बहुतेक प्रदूषण तो आपल्या हातात येण्याआधीच, बनवतानाच होऊन गेलेलं असतं. तिथे दोन वर्षं जास्त वापरणं हीच खरी बचत, आणि नेमकी तिथेच बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला पाव हिस्साही रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद नाही.

कायद्याने फरक पडू शकतो. फ्रान्सने २०२१ मध्ये फोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर दुरुस्तीचे गुण छापणं सक्तीचं केलं. वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग मिळतात का, केवढ्याला मिळतात, यावर दहापैकी गुण. दुकानात उभं असताना मला हेच तर हवं होतं! ते नाही, म्हणून मी तोंडाने विचारलं. पहिल्या दुकानात मशीनला वायफाय आहे हे सांगितलं. दुसऱ्यात पाच वर्षांची वॉरंटी, तीही फक्त मोटरची. तिसऱ्या दुकानातल्या मुलाने सर्व्हिस सेंटरला फोन लावला, दहा मिनिटं थांबला आणि सांगितलं, "उघडतो. स्क्रू आहेत." मशीन साधं आहे, वायफाय नाही. तेच घेतलं.

जुनं मशीन मेकॅनिकच घेऊन गेला. मोटर अजून ठणठणीत आहे म्हणाला.